शेतात आणि वर्कशॉपमध्ये सुचलेल्या यंत्राचं पेटंट: वहीपासून परवान्यापर्यंत

जोसेफ ग्लिडन हा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला शेतकरी. 1873 साली डीकाल्बच्या जत्रेत त्याने दुसऱ्या एका शेतकऱ्याने मांडलेलं कुंपण पाहिलं. लाकडी पट्टीला टोकदार तारा ठोकल्या होत्या, जनावराने रेटलं की टोचाव्यात म्हणून. काटेरी तारेची पेटंटं त्याआधीही निघाली होती, पण काटा तारेवर पक्का बसवायचा कसा, ही अडचण होती. ग्लिडनने काट्याला एका तारेभोवती वेढा दिला आणि दुसरी तार पहिलीभोवती अशी पिळली की काटा जागच्या जागी आवळला गेला. 24 नोव्हेंबर 1874 रोजी त्याला 157124 क्रमांकाचं पेटंट मिळालं. पुढे खटले झाले. आयोवातल्या एका जत्रेत अशी तार कितीतरी आधी पाहिल्याचं सांगणारे साक्षीदारही उभे राहिले. तरीही 1892 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायम ठेवलं. काटेरी कुंपण ही सगळी कल्पनाच आपली, असं ग्लिडनने म्हटलं नव्हतं. काटा दुसऱ्या तारेच्या पिळाने आवळायची रीत तेवढी त्याने मागितली होती.

आता आपल्याकडचं उदाहरण. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या एका कारखान्याने 1951 मध्ये लेथवर भांडं पक्कं धरण्याच्या साधनाचं आणि पद्धतीचं पेटंट घेतलं. जुन्या पद्धतीत फिरणारं भांडं सुटून उडायचं आणि कारागिराला इजा व्हायची. नव्या पद्धतीत टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या डोक्यासमोरच्या सरकत्या आधाराच्या, बाजूने दाब देऊन ते धरलं जायचं. काम सुरक्षित झालं, वेग वाढला. त्याच शहरातल्या दुसऱ्या भांडीवाल्याने ती पद्धत वापरली आणि खटला उभा राहिला. 'विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या प्रकरणात डिसेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट टिकत नसल्याचा निकाल दिला. लेथ, हेडस्टॉक, टेलस्टॉक हे सगळं आधीच माहीत होतं आणि झालेला बदल वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे जात नव्हता.

दोन्ही शोध हाताने काम करणाऱ्यांचे आणि उपयोगाचेच होते. एक टिकला, दुसरा पडला. म्हणून अर्जाची, फीची चौकशी करण्याआधी पुढच्या दोन पायऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, असं माझं ठाम मत आहे.

पायरी 1: नवं काय आहे ते नेमकं पकडा

एक काल्पनिक यंत्र घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. नाशिककडच्या एका शेतकऱ्याने कांद्याची पात कापायचं यंत्र बनवलं. शेतात बसून विळ्याने पात कापायला मजूर मिळत नाहीत म्हणून. कांद्याची मान थोडी ठेवून पात कापावी लागते. अगदी अंगालगत कापली तर कांदा चाळीत सडतो, आणि मान लांब राहिली तर बाजारात भाव पडतो. यंत्रात वर हॉपर, म्हणजे कांदे ओतायचं नसराळं, आहे, खाली उलट दिशांनी फिरणारे दोन रूळ आहेत. ते पात खाली ओढतात आणि पातं ती कापतं. कांदे लहान-मोठे असतात, म्हणून त्याने स्प्रिंगवर एक पट्टी बसवली. कांदा मोठा आला की पट्टी उचलली जाते आणि पात्याची उंची आपोआप बदलते. त्यामुळे कोणत्याही आकाराच्या कांद्याची मान सारखीच राहते.

यातलं नवं काय? हॉपर नाही, मोटर नाही. उलट फिरणाऱ्या रुळांनी पात ओढायची युक्तीही जुनीच. नवी आहे ती स्प्रिंगची पट्टी आणि पातं यांची जोडणी. यंत्र बनवणाऱ्याला मात्र सगळं यंत्रच आपलं वाटतं. त्यासाठी त्याने कित्येक महिने घालवलेले असतात, त्यामुळे ते वाटणं स्वाभाविक आहे. तरी वहीत तीन ओळी लिहा: जुन्या यंत्रात अडचण काय होती, मी कोणता भाग कोणत्या भागाला कसा जोडला, आणि त्यामुळे काय झालं जे आधी होत नव्हतं. तिसरी ओळ मोजून लिहा. शंभर कांद्यांतले किती नीट कापले गेले, किती खरचटले, तासाला किती क्रेट निघाले. पुढे परीक्षकापुढे, म्हणजे पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, हे आकडे फार कामाला येतात.

वही पानांवर क्रमांक असलेली घ्या. प्रत्येक नोंदीवर तारीख, हाताने काढलेलं चित्र आणि विश्वासातल्या एका माणसाची सही ठेवा. भारतात हक्क ठरतो तो आधी अर्ज कोणी केला यावरून, वहीवरून नाही. पण कल्पना कोणाची यावर भागीदारांत वाद निघाला तर हीच वही पुरावा ठरते.

पायरी 2: अर्जाआधी दाखवू नका

गावाकडचे बहुतेक शोध इथेच हातचे जातात. यंत्र चाललं की व्हिडिओ निघतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, यूट्यूबवर चढतो, कृषी प्रदर्शनात स्टॉल लागतो, स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते. यातली कुठलीही गोष्ट अर्जाआधी झाली तर शोध 'नवीन' राहत नाही. तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. ओळखीच्या शेतकऱ्याला अर्जाआधी एक यंत्र विकलं, तरी तीच अडचण.

कायद्याने थोडी सवलत दिली आहे. पेटंट कायद्याच्या कलम 31 नुसार केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या शोधासाठी 12 महिन्यांत अर्ज करता येतो. राज्यातली नेहमीची कृषी प्रदर्शनं यात आपोआप बसत नाहीत. शेतीयंत्र करणाऱ्यांसाठी कलम 32 जास्त महत्त्वाचं आहे. ज्या शोधाची चाचणी त्याच्या स्वरूपामुळे उघड्यावरच घ्यावी लागते, त्याची वाजवी चाचणी अर्जाआधीच्या एक वर्षात झाली असेल तर केवळ तेवढ्यावरून पेटंट नाकारलं जात नाही. पेरणी यंत्र घरात बसून तपासता येत नाही, हे कायद्याला कळतं. पण ती चाचणीच होती, धंदा नव्हता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणून चाचणी स्वतःच्या शेतात घ्या, हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा आणि भाडं किंवा मोबदला घेऊ नका.

वेल्डर, टर्नर, फॅब्रिकेशनवाला यांना यंत्र दाखवावंच लागतं. त्यांच्याकडून गुप्ततेचा साधा करार स्टॅम्प पेपरवर सही करून घ्या. शक्य असेल तर वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये करून घ्या आणि महत्त्वाची जोडणी घरी करा.

पायरी 3: आधी कोणी केलंय का, ते शोधा

भारतीय पेटंट कार्यालयाची 'इनपास' ही शोधसेवा मोफत आहे. गूगल पेटंट्स, युरोपची एस्पेसनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप याही मोफत आहेत. नुसते शब्द टाकून शोधलं तर निम्मं हाती लागत नाही, कारण प्रत्येक जण यंत्राला वेगळं नाव देतो. त्यापेक्षा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या संकेतांनी शोधा. मशागतीची अवजारं ए01बी मध्ये, पेरणी-लागवड ए01सी मध्ये, काढणी ए01डी मध्ये, मळणी ए01एफ मध्ये, फळं-भाज्या सोलण्याची यंत्रं ए23एन मध्ये. हे संकेत शोधताना रोमन लिपीत टाकावे लागतात. आपलं कांद्याचं यंत्र ए23एन आणि ए01डी या दोन्ही ठिकाणी शोधायला हवं.

इंग्रजी फारसं येत नसेल तर आधी आकृत्या पाहा. यंत्राचं चित्र कुठल्याही भाषेतल्या मेकॅनिकला कळतं. जवळची वाटणारी पाच-दहा पेटंटं निवडा आणि त्यांतले शेवटचे दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं, कोणाकडून तरी समजून घ्या. आपल्या यंत्रासारखंच काही सापडलं तर निराश होऊ नका. ते पेटंट भारतात घेतलेलं नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल तर ती युक्ती वापरायला तुम्ही मोकळे आहात. पेटंट फक्त ज्या देशात मिळालं तिथेच चालतं.

पायरी 4: कायद्याच्या चाळणीतून पाहा

1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3 सांगतं की कशाला पेटंट मिळत नाही. शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी त्यातली दोन उपकलमं नीट समजून घ्यावीत. 3(एच) नुसार शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही. दोन ओळींतलं अंतर बदलून उत्पादन वाढवलं तर ती पद्धत झाली. ते अंतर आपोआप राखणारं टोकण यंत्र केलं तर ते यंत्र झालं. 3(एफ) नुसार माहीत असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल, तर तो शोध नव्हे. पेरणी यंत्राच्या फ्रेमवर फवारणीची टाकी बसवली, तर दोन्ही पूर्वीसारखीच चालतात आणि इथे अर्ज अडकतो. पण बी पडलं की त्याच झटक्याने झडप उघडून त्याच खड्ड्यात मोजकं पाणी सोडलं जात असेल, तर दोन भाग एकमेकांवर अवलंबून काम करतात. मग बोलण्यासारखं काही तरी आहे. आपले कितीतरी कारागीर जोड-यंत्रं करतात. त्यांनी हा फरक आधीच तपासावा.

नवीन वाण पेटंटमध्ये येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी भात निवडून विकसित केला. तशा कामासाठी 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्याचा रस्ता वेगळा.

यंत्र तेच पण बाहेरचा आकार वेगळा आणि देखणा असेल, तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते, आधी 10 आणि पुढे 5 वर्षांसाठी. त्यात आतली रचना सुरक्षित होत नाही. जर्मनीत छोट्या सुधारणांसाठी 'गेब्राउख्समुस्टर' नावाचा सोपा, अल्प मुदतीचा हक्क 1891 पासून आहे. भारतात तसं काही नाही. मिर्झापूरसारख्या सुधारणांना आपल्याकडे जागाच उरत नाही, आणि छोट्या कारागिरांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

पायरी 5: मालक कोण, ते लिहून ठेवा

कल्पना शेतकऱ्याची, यंत्र घडवलं वेल्डरने. शोधक कोण? सांगितलं तसं जोडून देणारा शोधक ठरत नाही. पण 'स्प्रिंग इथे नको, तिथे लाव, म्हणजे पातं हलेल' हे त्यानेच सुचवलं असेल तर तो सहशोधक आहे आणि त्याचं नाव अर्जात यायलाच हवं. नाव गाळणं अन्यायाचं आहे, आणि पुढे त्यावरूनच पेटंटला आव्हान मिळू शकतं. अर्जदार दोघे असतील तर कलम 50 नुसार वेगळा करार नसेल तेव्हा दोघांचा वाटा समान असतो आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय एकट्याला तिसऱ्या कोणाला ते यंत्र बनवायचा परवाना देता येत नाही. हे बोलणं सुरुवातीलाच करा, पैसा दिसू लागल्यावर नको.

पायरी 6: तात्पुरता अर्ज करून तारीख मिळवा

यंत्र पूर्ण झालेलं नसलं तरी तात्पुरत्या विवरणासह, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनासह, अर्ज करता येतो. त्याने तुमची तारीख पक्की होते. पुढच्या 12 महिन्यांत पूर्ण विवरण द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. तात्पुरतं म्हणून दोन ओळी लिहून मोकळे होऊ नका. जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. स्प्रिंगच्या पट्टीचा उल्लेख राहिला आणि सहा महिन्यांनी तो घातला, तर त्या भागाची तारीख सहा महिन्यांनंतरचीच.

अर्ज फॉर्म 1 वर, विवरण फॉर्म 2 वर. परदेशी अर्जांची माहिती फॉर्म 3 वर आणि शोधकांची घोषणा फॉर्म 5 वर. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं अँटॉप हिलचं कार्यालय. ऑनलाइन अर्जाला डिजिटल स्वाक्षरी लागते. कागदावर अर्ज दिला तर शुल्क 10 टक्के जास्त. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो, मराठीत नाही. वकील किंवा पेटंट एजंट नेमण्याची सक्ती नाही, अर्जदार स्वतः सगळं करू शकतो.

पायरी 7: पूर्ण विवरण आणि दावे

शीर्षक 15 शब्दांत, सारांश 150 शब्दांत. वर्णन असं हवं की त्या धंद्यातल्या माणसाने वाचून यंत्र बनवावं. युक्ती लपवून पेटंट मागता येत नाही. 20 वर्षांचा हक्क हा ती युक्ती उघड करण्याच्या बदल्यातच मिळतो.

आकृत्या रेघांच्या हव्यात, फोटो नकोत. ए4 कागदावर वर आणि डावीकडे निदान 4 सेंमी, खाली आणि उजवीकडे 3 सेंमी समास. प्रत्येक भागाला आकडा द्या आणि सगळ्या आकृत्यांत तो आकडा त्याच भागाला ठेवा. आकृतीवर वर्णन लिहायचं नसतं, ते विवरणात.

पेटंटचा जीव दाव्यांत असतो. कोर्ट यंत्र पाहत नाही, दावा वाचतं. एक कच्चा मसुदा पाहा: '1 अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारं, 5 मिमी जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीच्या फ्रेमचं कांद्याची पात कापणारं यंत्र, ज्यात 300 मिमी लांबीचे दोन रूळ आहेत.' हा दावा स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारण्यासारखा आहे. शेजारचा माणूस पेट्रोल इंजिन लावेल, रूळ 350 मिमीचे करेल आणि सुटेल. नवा भाग तर यात आलेलाच नाही.

त्यापेक्षा असं: 'कांद्याची पात कापणारं यंत्र, ज्यात उलट दिशांनी फिरणारी, पात खाली ओढणारी रुळांची जोडी, त्या जोडीखाली उंची बदलू शकणारं पातं, आणि कांद्याच्या पृष्ठभागाला टेकणारी लवचीक आधारावरची पट्टी आहे, ही पट्टी पात्याशी अशी जोडलेली आहे की कांद्याच्या आकारानुसार पात्याची उंची बदलते आणि मानेची लांबी समान राहते.' इथे स्प्रिंगऐवजी 'लवचीक आधार' म्हटलंय, म्हणजे कोणी रबर लावलं तरी ते दाव्यात येतं. मग दुसऱ्या दाव्यात 'पहिल्या दाव्यातलं यंत्र, ज्यात लवचीक आधार म्हणजे कॉइल स्प्रिंग आहे', तिसऱ्यात ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजारांना शक्ती देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी रचना, असं एकेक पाऊल आत जा. पहिला दावा अडला तर दुसरा उभा राहतो. मूळ शुल्कात 10 दावे आणि 30 पानं बसतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर या पायरीवर करा. चांगला पेटंट एजंट इथे खरा उपयोगी पडतो. पैसे नसतील तर गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान तळागाळातल्या शोधकांना शोधकाच्याच नावाने पेटंट अर्जासाठी मदत करतं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतली ही स्वायत्त संस्था 2000 पासून काम करते आहे. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटरसायकलच्या मागच्या चाकाजागी शेतीची अवजारं जोडणारं 'बुलेट सांती' केलं. अशा शोधांमागे या संस्थेचं आणि तळागाळातले शोध हुडकणाऱ्या हनी बी नेटवर्कचं पाठबळ होतं.

पायरी 8: शुल्क, परीक्षण आणि उत्तर

व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाचे 1600 रुपये. 10 च्या पुढच्या प्रत्येक दाव्याला 320 आणि 30 च्या पुढच्या प्रत्येक पानाला 160. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म 9 आणि 2500 रुपये. परीक्षण आपोआप होत नाही, फॉर्म 18 भरून 4000 रुपये देऊन ते मागावं लागतं. 15 मार्च 2024 पासूनच्या अर्जांना ही मागणी 31 महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहिली तर सगळा अर्ज बुडतो. अर्जदारांत एखादी स्त्री असेल आणि सगळे अर्जदार व्यक्तीच असतील, तर फॉर्म 18ए भरून 8000 रुपयांत जलद परीक्षण मागता येतं. घरातल्या बाईने यंत्राच्या कल्पनेत खरोखर भाग घेतला असेल, आणि शेतीत तो बहुतेकदा असतो, तर तिचं नाव हक्काने घाला. शुल्क भरण्याआधी ताजा तक्ता पाहून घ्या.

मग पहिला परीक्षण अहवाल येतो. जवळजवळ प्रत्येक अर्जावर हरकती येतात, तो नकार नसतो. उत्तराला 6 महिने मिळतात, मागून आणखी 3. परीक्षक दोन-तीन जुनी पेटंटं दाखवून म्हणतो की यांची बेरीज केली की तुमचं यंत्र होतं. इथे वही उघडा. जुन्या यंत्रात पातं स्थिर होतं, म्हणून लहान कांदा खरचटायचा. आमच्यात मान सारखी राहते, हे चाचणीचे आकडे. मोठे शब्द नकोत, फरक आणि त्याचा परिणाम दाखवा. गरज पडली तर दाव्याची व्याप्ती थोडी कमी करा. सुनावणी व्हिडिओवरून होते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर आणखी एक वर्ष संबंधित व्यक्तीला विरोध करता येतो.

या काळात यंत्रावर 'पेटंट अर्ज दाखल' असं लिहा. मंजुरीआधी 'पेटंटेड' लिहिणं हा कायद्याचा भंग आहे आणि त्याला दंड होतो.

पायरी 9: मिळालेलं पेटंट चालवणं

मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, पण नूतनीकरणाचं शुल्क भरत राहिलं तरच. व्यक्तीसाठी तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला दरवर्षी 800, सातव्या ते दहाव्याला 2400, अकराव्या ते पंधराव्याला 4800, पुढे विसाव्यापर्यंत 8000 रुपये. सगळे मिळून 76,800 होतात. निदान 4 वर्षांचे एकदम ऑनलाइन भरले तर 10 टक्के सूट. फॉर्म 27 वर यंत्राचा प्रत्यक्ष वापर होतो का, याची माहिती दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा द्यायची असते.

पेटंट म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे, आणि त्याने अनुदानही मिळत नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. ते काम पेटंटबरोबरच सुरू करा.

स्वतः शेकडो यंत्रं बनवणं प्रत्येकाला जमत नाही. मग परवाना द्या. ग्लिडनने 1874 मध्ये अर्धा हक्क गावातल्या हार्डवेअर दुकानदाराला 265 डॉलरला दिला. उरलेला अर्धा 1876 मध्ये वॉशबर्न अँड मोएन या तार कंपनीने 60,000 डॉलर आणि विकलेल्या तारेच्या वजनावर रॉयल्टी देऊन घेतला. यात शिकण्यासारखं म्हणजे विक्रीशी बांधलेली रॉयल्टी. तुमच्या करारात प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम, वर्षाला किमान हमीची रक्कम, हिशेबाची वही पाहण्याचा हक्क आणि ठरावीक काळात उत्पादन सुरू झालं नाही तर करार रद्द, या चार गोष्टी लेखी हव्यात. तोंडी परवाना कायद्यात चालत नाही. करार फॉर्म 16 वर पेटंट कार्यालयात नोंदवा.

नक्कल दिसली तर लगेच भांडायला जाऊ नका. ते यंत्र बिलासह विकत घ्या, उघडा, फोटो काढा. एका बाजूला आपल्या पहिल्या दाव्यातला प्रत्येक घटक आणि समोर त्या यंत्रातला भाग, असा तक्ता करा. सगळे घटक जुळले तर नोटीस पाठवा. खटला जिल्हा न्यायालयात लागतो, पण समोरच्याने पेटंटच रद्द करा म्हटलं की प्रकरण उच्च न्यायालयात जातं आणि खर्च वाढतो. बऱ्याच ठिकाणी तो तक्ता समोर ठेवून नक्कल करणाऱ्यालाच परवाना घ्यायला लावणं जास्त परवडतं. त्याच्याकडे वर्कशॉप असतं, गिऱ्हाईक असतं, आणि यंत्र विकतं हे त्याला आधीच कळलेलं असतं.